जुळणी

आमच्या जालन्याच्या घरी प्रथमच येणारा पाहुणा बैठकीच्या खोलीत टेकला, पाणी प्याला, की थोड्याच वेळात त्याची नजर खिडकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन थबकते. तेथे एका लाकडी स्टुलावर राखाडी पत्र्याचा ॲम्प्लिफायर आहे. त्यावर झाकण नसलेला, आतली चाके उघडी दिसणारा एक कॅसेट डेक आहे. दोन्ही अंगांना दोन तपकिरी पेट्या आहेत. पैकी एकीच्या तोंडावर मूळचे काळे कापड आहे आणि दुसरीच्या तोंडावर फिकट निळ्या फुलांचे, कोण्या एके काळच्या पडद्याचे. या सर्व संसारावर आमच्या सौभाग्यवतींनी स्वहस्ते विणलेला क्रोशाचा पांढरा रुमाल पसरलेला असतो. पाहुणा परका असला तर काही बोलत नाही. नात्यातला असला तर विचारतो, "गुरुजी, हे दुरुस्तीला आलंय का कोणाचं?"

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी घराची डागडुजी काढली. भिंतीला नवा रंग, खाली फरशी, टीव्हीच्या मागे लाकडी पाट्यांची नक्षी, आणि त्या टीव्हीखाली त्याच काळ्या रंगाचा, त्याच कंपनीचा, काठीसारखा लांब साउंडबार. नकाशा काढणारा तरुण मोठा हुशार होता. त्याने कोपऱ्याकडे पाहिले, मग चिरंजीवांकडे पाहिले आणि म्हणाला, "हे सगळं एका कपाटात घालून दार लावून टाकू, बाहेरून काही दिसणार नाही." चिरंजीव आमच्याकडे न पाहता म्हणाले, "बाबा, नाहीतर काढूनच टाकू या. सगळं एकासारखं एक दिसलं पाहिजे."

एकासारखं एक! हे शब्द आम्ही याच घरात पूर्वी ऐकले होते. ज्या माउलीच्या तोंडून ऐकले तिने आपल्या नातवाला मांडीवर खेळवले होते. तेव्हा शब्दांचा वारसा सरळ उतरला असे म्हणावयास हरकत नाही.

आमची माय २००४ साली देवाघरी गेली. तिचे सारे तरुणपण भोकरदन तालुक्यातील खेड्यांत गेले. आमचे वडील धर्मशिक्षक होते. सारा गाव त्यांना 'मास्तर' म्हणे, माय देखील मास्तरच म्हणे, आम्ही भावंडे तेवढी 'दादा' म्हणत असू. फादर महिन्या-दोन महिन्यांनी येत. मधल्या काळात प्रार्थना, मुलांची शिकवण, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सर्व मास्तरांकडे. पायी हिंडून घसा कोरडा झाला की गावातील हॉटेलात चहा. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. आमच्या लोकांसाठी तेथे कपबशी निराळी असे. ती आत मांडलेली नसे. बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथी घातलेली असे. कप एका रंगाचा, बशी दुसऱ्या, कपाचा कान बहुधा तुटलेला. आपण ती उचलायची, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, धुवायची आणि पुन्हा पालथी घालायची. बाप्तिस्मा झाला, गळ्यात क्रूस आला, पिशवीत शुभवर्तमान आले; पण कट्ट्यावरची ती बेजोड कपबशी काही आत गेली नाही.

मायने दवाखान्यात आयाचे काम धरले तेव्हा पहिल्या पगारातून सहा कपबश्या आणल्या. पांढऱ्या, कडेला बारीक हिरवी रेघ, सहाही अगदी एकासारख्या एक. घरी कोणीही येवो, कोणत्याही जातीचा येवो, त्याला त्यांतलीच एक मिळे. एकदा एक बशी फुटली तर तिने पुढची दोन वर्षे बाजारात तशाच रेघेची बशी शोधली, मिळेपर्यंत त्या संचातून चहा दिला नाही. शहरात वाढलेल्या माणसास ही हौस वाटेल. आम्हांस ती कधी हौस वाटली नाही.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण, पुढे जे घडले त्यात आमच्या मायला कोणी साध्या दिखाऊपणाची भोक्ती समजू नये.

१९७७ च्या डिसेंबरात औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, त्यानंतर दोन वर्षांनी, १९७९ च्या नाताळात, एका फादरांनी आमच्या अंगणात आपला लहानसा टेपरेकॉर्डर मांडला आणि दादांचे गाणे त्यावर उतरवून घेतले. दादा काही गवई नव्हते. परंतु त्यांचा गळा खुला होता आणि ते येशूजन्माची कथा कीर्तनाच्या ढंगाने सांगत. मध्ये अभंगाच्या चालीवर पदे म्हणत. ख्रिस्ती कीर्तनाचा हा प्रघात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या काळी अहमदनगरकडे रुजला आणि पंथाच्या भिंती ओलांडून आमच्यासारख्या कॅथलिक वस्त्यांतही आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासना मराठीत आल्यावर त्याला अधिकच जोर चढला. त्या रात्री शेजारचा एक गडी ढोलकीला होता. कॅसेटमध्ये बावीस मिनिटांचे गायन आहे, दोनदा कुत्रे भुंकल्याचा आवाज आहे आणि अगदी शेवटी, शेवटचे पद संपल्यावर, मायचा आवाज आहे: "मास्तर, चहा निवाला." फादरांनी ती कॅसेट आम्हांस भेट दिली. १९८४ साली दादा वारले. त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही उरले ते एवढेच.

१९९६ साली आम्ही नव्या जालन्यात दोन खोल्या आणि बैठक असे घर बांधले. बैठक रिकामी दिसू लागली. त्याच सुमारास सौभाग्यवतींची भिशी लागली आणि 'म्युझिक सिस्टीम' घेण्याचे ठरले. ते दिवस वाचकांस आठवत असतील. १९९१ नंतर बाजार खुला झाला होता. ज्या परदेशी कंपन्यांची नावे आखातातून आलेल्या नातलगांच्या खोक्यांवरच पाहावयाची ती आता औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरच्या) दुकानांतून झळकू लागली होती. त्यापूर्वी मध्यमवर्गीयाच्या घरी रेडिओ किंवा फार तर 'टू-इन-वन' असे. आता तीन मजली, रुपेरी, दिव्यांची उघडझाप करणारे संच आले.

मायला आम्ही मुद्दाम बरोबर नेले. दुकानात दोन पर्याय होते. एका बाजूस सुटे सामान: एका कंपनीचा ॲम्प्लिफायर, दुसऱ्या कंपनीचा डेक, तिसऱ्याच्या पेट्या, एक काळा, एक करडा, एक लाकडी. दुसऱ्या बाजूस तो रुपेरी संच, आणि दोन्हीकडे त्याच रुपेरी रंगाच्या पेट्या, प्रत्येकीत तीन-तीन गोल. माय सुट्या सामानाकडे बघून म्हणाली, "हे इथलं तिथलं गोळा केल्यावानी दिसतंय. एकासारखं एक असू दे, बाबा. जोड मोडू नको." दुकानदाराने चालू सिनेमातील एक नाचगाणे लावले. काचा थरथरल्या. आम्ही सारे खूष झालो. साडेअकरा हजार रुपये मोजून संच घरी आणला आणि काचेच्या शोकेसमध्ये, बरोबर मध्यभागी, बसविला. मायने त्याच्यापुढे आपल्या हिरव्या रेघेच्या सहा कपबश्या मांडल्या. बैठक खरोखरच भरल्यासारखी झाली.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, आम्ही दफनभूमीवरून आलो आणि संध्याकाळी दादांची कॅसेट नव्या संचावर लावली. जुना टू-इन-वन बंद पडून तीन वर्षे झाली होती. म्हणजे मायने तीन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. ती पदर सावरून समोर बसली. ढोलकी सुरू झाली, दणदणीत. शोकेसची काच वाजू लागली. मग दादा गाऊ लागले. पण ते जणू रांजणात तोंड घालून गात होते. नाद येई, शब्द येत नसत. माय थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "ढोलकीच लई हाय. मास्तर कुठं हायत?" आम्ही आवाज वाढविला. ढोलकी वाढली. कॅसेट अर्धी झाली तेव्हा ती उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "हा आवाज तुह्या बापाचा न्हाई."

त्या वाक्याने आम्हांस जे झाले ते लिहिता येत नाही. माणूस जाऊन बारा वर्षे होतात, चेहऱ्यासाठी फोटो असतो. आवाज मात्र हळूहळू कानांतून उतरत जातो. तिला तो आठवेनासा झाला होता की संचाने तो बदलला होता? आम्ही स्वतःची समजूत घातली की कॅसेट खराब झाली. आपण निवडून, मोजून घेतलेल्या वस्तूत दोष आहे असे मानण्यास माणूस सहजी तयार होत नाही.

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पलीकडे, एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या दुकानात उभे राहण्यापुरती जागा, बाकी सर्व पोट फाडलेले रेडिओ. आम्ही कॅसेट घेऊन गेलो. त्यांनी ती एका उघड्या डेकमध्ये घातली, बारीक पेचकस घेतला आणि कॅसेट चालू असतानाच डेकच्या तोंडातील एक इवलासा स्क्रू पाव फेऱ्याने फिरविला. आम्ही शपथेवर सांगतो, दादा रांजणातून बाहेर आले. 'स' आणि 'श' निरनिराळे ऐकू आले. ओळीच्या शेवटी त्यांचा श्वास ऐकू आला.

चाचांनी जे समजावून दिले ते पुढे आम्ही पुस्तकांतूनही वाचले. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. वाचणाऱ्या 'हेड'ला एक केसाहून बारीक फट असते. ती फट फितीला काटकोनात हवी. फादरांच्या लहान रेकॉर्डरचे हेड किंचित कललेले असावे. म्हणून ध्वनीही तिरका उतरला. सरळ हेडाने तो वाचला की वरचे, बारीक स्वर पुसले जातात. "मास्टरसाब, जिसने जैसी गर्दन टेढ़ी करके लिखा, वैसी ही टेढ़ी करके पढ़ना पड़ता," असे चाचा म्हणाले.

आमच्या रुपेरी संचातही हा स्क्रू होताच. परंतु तो प्लास्टिकच्या एकसंध मुखवट्याआड. दुसऱ्या दिवशी चाचा घरी आले, शोकेससमोर मांडी घालून बसले आणि आमच्या साडेअकरा हजारांचे शवविच्छेदन त्यांनी केले. तीन मजले दिसत होते ते तीन नव्हतेच. एकच पेटी, पुढून रेघा मारलेली. पेटीतील तीन गोलांपैकी एकच बोलका. दुसऱ्या दोघांच्या पाठीमागे तारच नव्हती. ते शोभेचे होते! खोक्यावर ठळक छापले होते २००० वॅट. चाचांनी संच फिरवून पाठीवरची पट्टी दाखविली: विजेचा वापर ६० वॅट. "साठ अंदर जाते, दो हज़ार बाहर कैसे आते?" त्या काळी खोक्यांवर 'पी.एम.पी.ओ.' नावाचा आकडा असे. क्षणार्धाच्या काल्पनिक शिखराचा तो हिशेब, आणि त्याला कोणताही सर्वमान्य नियम नव्हता. सतत टिकणारी खरी शक्ती 'आर.एम.एस.' या अक्षरांनी सांगतात. ती खोक्यावर कोठेच नव्हती. इतकी वर्षे मुलांना गणित शिकविणाऱ्या आम्हांस ही साधी वजाबाकी दुकानात सुचली नाही.

आणखी एक चूक मात्र सर्वस्वी आमचीच होती. पेट्या काचेच्या कपाटात कोंबल्यामुळे खालचा नाद कपाटात घुमत होता. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला साधारण शंभर-दीडशे कंपनांचा. परंतु शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजने दोन हजारांच्या वर राहतात. आमचा संच खाली घुमत होता आणि वर चमकत होता. मधली, माणसाची जागा रिकामी. त्यात मायचे वय सत्तरीचे. म्हातारपणी कान जातात ते वरच्या स्वरांपासून जातात. म्हणजे जे तिला आधीच कमी ऐकू येई तेच आमच्या देखण्या संचाने आणखी काढून घेतले होते.

चाचांनी आठवडाभरात दुसरी मांडणी करून दिली: एक डेक, ज्याचे झाकण कायमचे काढले, कारण स्क्रूपर्यंत पेचकस जायला हवा, पत्र्याचा ॲम्प्लिफायर, आणि दोन जुन्या लाकडी पेट्या. एकूण अठराशे रुपये. आम्ही भीत भीत विचारले, निरनिराळ्या कंपन्यांचे हे प्रकार एकमेकांशी बोलतील कसे? तर त्यासाठी जगभर एकच तऱ्हेची गोल टोकाची तार ठरलेली आहे. तिला रंग-रूप, नाव-गाव कळत नाही. मात्र एका ठिकाणी चाचा हट्टी होते. पेट्यांच्या आतले स्पीकर अगदी जोडीचे हवेत, आणि दोन्हींच्या लाल-काळ्या तारा त्याच त्या जागी. एक जरी उलट लागली तरी एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघे एकमेकांना खातात आणि खर्ज नाहीसा होतो. फुलाफुलांच्या कापडाबद्दल आम्ही नाक मुरडले तेव्हा त्यांनी ते तोंडाशी धरून फुंकर मारली. श्वास आरपार गेला. "बस, इतनाच देखना," ते म्हणाले.

जुळणे या मराठी शब्दाचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आलो आहोत. कापडचोपड जुळते, पत्रिका जुळतात, हिशेब जुळतो. पण तंबोरेही जुळवितात. आमच्या जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय गाण्याचा जुना उत्सव आहे. तेथे आम्ही पाहिले आहे की दोन तंबोरे दिसायला कितीही बहिणी-बहिणी असोत, गायक त्यांच्या खुंट्या पिळीत, जव्हारीखालचा दोरा किंचित मागे-पुढे सरकवीत बसतो आणि ते लागेपर्यंत गाण्यास तोंड उघडीत नाही. श्रोतेही कुरकुरत नाहीत. दोन तंबोऱ्यांचे लाकूड एका रंगाचे आहे की नाही हे उठून पाहणारा श्रोता आम्हांस अद्याप भेटलेला नाही. असो.

मांडणी आतल्या खोलीत, मायच्या खाटेसमोर लागली. कॅसेट सुरू झाली. पहिल्या ओळीला माय हलली नाही. दुसऱ्या ओळीला तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दादा बाहेरून आल्यावर ओढीत असे तसा. बावीस मिनिटे कोणी बोलले नाही. शेवटी तिचा स्वतःचा, पन्नाशीतला आवाज आला, "मास्तर, चहा निवाला," आणि ती लाजली.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "आवाज चांगला हाय. मास्तरच हायत. पण हे ठिगळ बैठकीत नको आणू. आल्यागेल्याला काय वाटंल?" म्हणून पुढली सात वर्षे आमच्या घरी दोन यंत्रे नांदली. बैठकीत रुपेरी संच दिवे मिचकावीत राही, पाहुण्यांसाठी. आतल्या खोलीत पत्र्याचा डबा, मायसाठी. सौभाग्यवती म्हणत, "अहो, दोन संसार चाललेत तुमचे." तिला खोटे ठरविण्याचे आम्हांस कारण नव्हते. जो खर्च एकदा व्हायचा तो दोनदा झाला होता.

२००३ साली विजेचा दाब एकाएकी चढला आणि रुपेरी संच विझला. आमच्या गावी सळईच्या कारखान्यांमुळे आणि उन्हाळ्यातील विजेच्या खेळामुळे ही नवलाई नाही. त्याचा एक भाग जळला, आणि सारे एकाच पोटात असल्याने उरलेलेही मुके झाले. सुटा भाग मिळेना. पत्र्याच्या डब्याचाही एक ट्रान्झिस्टर गेला होता; चाचांनी तो तासाभरात बदलला. त्यानंतर तो बैठकीत आला. माय तेव्हा अंथरुणास खिळली होती. तिने परवानगी दिली एवढेच, आनंदाने दिली असे म्हणवत नाही. क्रोशाचा रुमाल त्याच दिवसांतला. सौभाग्यवतींनी तो मायच्या शब्दाखातर विणला.

नंतर आमच्या वाचनात एक प्रयोग आला. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली चाळीस श्रोत्यांना चार प्रकारचे स्पीकर ऐकविले. एकदा पडद्याआडून, एकदा उघडे ठेवून. पडद्याआडून दिलेले गुण आणि पाहून दिलेले गुण जुळले नाहीत. दिसू लागताच मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले, लहान स्वस्त पेट्यांचे घटले. आणि हे श्रोते कोण? स्पीकर बनविणाऱ्या कंपनीतीलच नोकर! हे वाचून आम्हांस त्या दुकानातील आपल्या मूर्खपणाबद्दल थोडे हायसे वाटले. डोळे मिटून ऐकण्याची सूचना दुकानदाराने केली नसती, पण आम्हांसही ती सुचली नाही. आता कोणी सल्ला विचारला तर आम्ही सांगतो: आपल्या ओळखीच्या माणसाचा बोलण्याचा आवाज बरोबर न्या, तो लावा आणि डोळे मिटा. नाचगाण्यावर कोणतेही यंत्र उत्तीर्ण होते.

आता चिरंजीवांचा साउंडबार. आम्ही त्याची निंदा करणार नाही. टीव्हीच्या पाठीमागे दडविलेल्या चपट्या स्पीकरपेक्षा त्यातून बातम्यांतील शब्द स्पष्ट कळतात, हे आम्ही स्वतः अनुभवले. परंतु लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी निसर्ग एकदम देत नाही. दोन घ्या, तिसरी सोडा. काठीएवढ्या पेटीतून ढोलकीच्या धुमाचा घुमारा यावा ही अपेक्षा करणेच चूक. आणि कपाटाचे दार? ते लावले तर १९९६ ची शोकेस पुन्हा आली.

आम्ही चिरंजीवांशी वाद घातला नाही. आमच्या नात्यातील एका मुलाने मध्यंतरी दादांची कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून दिली आहे. डेकचे रबरी पट्टे आता सैल पडतात आणि फितीचाही भरवसा नाही. नाताळच्या आदल्या दिवशी सारे जमले असता चिरंजीवांनी ती मोबाइलवरून साउंडबारवर लावली. वाईट नव्हती. मुले ऐकत होती आणि मधूनमधून बोलतही होती. मग आम्ही एक लहान तार मोबाइलच्या बुडात आणि पत्र्याच्या ॲम्प्लिफायरच्या पाठीत घातली. तीच ती गोल टोके. अर्धे शतक उलटले तरी बसतात.

सौभाग्यवती रुमालाकडे हात नेत होत्या. चिरंजीव म्हणाले, "आई, थांब." त्यांनी स्वतः पुढे होऊन रुमाल उचलला, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या. आपले लाडके आजोबा त्यांनी पाहिलेच नव्हते. त्यांच्या जन्माआधीच दादा गेले होते. पहिले पद झाले, दुसरे झाले, कुत्रे भुंकले. नात आपल्या बापाच्या मांडीवर चढून बसली होती. शेवटी आवाज आला, "मास्तर, चहा निवाला."

"कोण बोललं?" तिने विचारले.

"माझी आजी."

"मग प्यायले का ते?"

त्या प्रश्नाचे उत्तर कॅसेटमध्ये नाही. तेथे खट् असा बटणाचा आवाज आहे आणि मग नुसती फितीची सरसर. चिरंजीवांनी ती सरसरही शेवटपर्यंत चालू दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा काढणाऱ्या तरुणाला फोन करून कपाटाचे दार रद्द केले; मात्र दोन्ही पेट्यांना एकाच रंगाचे कापड लावून घेण्याची परवानगी आमच्याकडे मागितली. आम्ही बाजारातून आणलेल्या कापडाला आधी फुंकर मारून पाहिली, आणि हो म्हटले.